दळलेलं आणि उगवलेलं

बेलापूरला पारसिकच्या डोंगरपायथ्याशी एका संरक्षक भिंतीचं काम चाललं होतं. डंपरने ओतलेला काळ्या दगडाचा ढीग, बाजूला खडीची रास, आणि पाऊस तोंडावर आल्यामुळे सगळ्यांची घाई. गवंड्याने ढिगातून हातभर लांबीचा एक डबर घेतला, फिरवून पाहिला आणि मदतीच्या पोराला म्हणाला, "हा बाजूला ठेव. या अंगाला माल धरत न्हाय." पोराने त्या बाजूवरून तळहात फिरवला. बाकी दगड काळा, खडबडीत. ही एक बाजू मात्र हिरवट-पांढरी, ओल्या साबणाच्या वडीसारखी, आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा. "मामा, ह्यो मशीनवर घासलाय का कुणी?" गवंड्याने कडेला नख लावून रेघांखालचा थर खरवडला. नखात करडी पूड आली. "घासल्याला न्हाय रे. आतनंच पीठ झालंय त्याचं."

पीठ हा शब्द तिथून निघाल्यावरही डोक्यात अडकून राहिला. कारण भूविज्ञानानेही कधीकाळी नेमकं हेच म्हटलं होतं. स्कॉटलंडच्या वायव्य भागात मोइन थ्रस्ट नावाचा मोठा भ्रंश आहे. भ्रंश म्हणजे जिच्यावरून दोन बाजूंचे खडक सरकले अशी फट. तिथे जुने खडक नव्या खडकांच्या डोक्यावर कित्येक किलोमीटर चढून बसले आहेत, आणि दोघांच्या मध्ये पट्टेदार, अतिशय बारीक कणांचा, चिवट दगड सापडतो. १८८५ साली चार्ल्स लॅपवर्थ यांनी त्याला मायलोनाइट हे नाव दिलं. त्यामागचा ग्रीक शब्द गिरणीचा आहे. जात्यात धान्य भरडावं तसा हा दगड वरच्या आणि खालच्या खडकांत सापडून दळला गेला, असा त्यांचा तर्क. डोळ्यांना दिसत होतं त्यावरून दुसरा तर्क निघणंही अवघड होतं. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांची आतली घडण दिसू लागली, तेव्हा कळलं की मायलोनाइटमधले बहुतेक बारीक कण फुटून झालेलेच नाहीत. मोठे स्फटिक तापलेल्या अवस्थेत, न तुटता, वाकले आणि ताणले गेले; मग त्यांच्या कडांना आणि पोटात नवे, छोटे, स्वच्छ स्फटिक तयार झाले. नाव तेवढं गिरणीचं राहून गेलं.

तेव्हा भ्रंशातला बारीक दगड हातात आला की पहिला प्रश्न हाच: हे दळलेलं आहे की उगवलेलं?

हा नुसता शब्दांचा कीस नाही. दळलेला दगड थंड होता, जमिनीच्या वरच्या भागात होता, फुटत-तुटत सरकला. उगवलेला दगड गरम होता, खोल होता, आणि लाखो वर्षं सावकाश वाहत राहिला. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे वाहायला तयार होतो. फेल्डस्पार या दुसऱ्या नेहमीच्या खनिजाला त्यासाठी ४५० ते ५०० अंश लागतात. खंडांच्या कवचात ३०० अंशांची पातळी बहुतेक ठिकाणी १० ते १५ किलोमीटरवर येते, आणि तिथले बहुतेक भूकंप या पातळीच्या वरच होतात. म्हणजे नखात आलेल्या पुडीचा एक कण नीट वाचता आला, तर तो भ्रंश किती खोलीवर, किती तापमानाला आणि साधारण कुठल्या वेगाने हलला याचा अंदाज मिळतो. एवढी माहिती एवढ्याशा जागेत साठवणारी दुसरी वस्तू माझ्या तरी माहितीत नाही.

ठाणे-नवी मुंबईत हा प्रश्न एका बाजूने सोपा आहे. इथला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट, आणि तो त्यानंतर कधी फार खोल गेलाच नाही. त्यामुळे इथल्या भ्रंशांत जे दिसतं ते थंड दगडाचं वागणं: फुटणं, घासणं, भुगा होणं, आणि मग त्या भुग्यातून पाणी फिरून फटी भरून निघणं. हालचालीला मात्र तोटा नव्हता. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असलेले लाव्हाचे थर कल्याण-पनवेलच्या पट्ट्यात आल्यावर पश्चिमेकडे कलतात. यालाच पनवेल फ्लेक्शर म्हणतात. त्याच पट्ट्यात उत्तर-दक्षिण धावणाऱ्या डाइकच्या, म्हणजे फटीत शिरून गोठलेल्या लाव्हाच्या, भिंती आहेत, आणि वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडंही याच तडकलेल्या किनारपट्टीतली. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तो प्रदेशही २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. रस्त्यासाठी डोंगर कापला की थरांमधली तांबडी माती विटांच्या रेघेसारखी दिसते. ती रेघ एका फटीपाशी येऊन थांबली आणि पलीकडे हातभर खाली पुन्हा सुरू झाली, तर ती फट म्हणजे भ्रंश. त्या फटीचं तोंड उघडलं की आत तोच साबणासारखा पृष्ठभाग मिळतो.

त्याला स्लिकनसाइड म्हणतात. त्याच्यावरच्या रेघा दोन जातींच्या असतात, आणि त्यांची गल्लत फार होते. एक जात ओरखड्यांची: कठीण कण मऊ पृष्ठभागावरून ओढला गेला, चर पडली. दुसरी जात तंतूंची: दोन्ही बाजू सरकताना मध्ये बारीकशी फट उघडली, तिच्यात पाण्यातून कॅल्साइट किंवा झिओलाइटसारखं खनिज जमलं, पुन्हा सरकलं, पुन्हा जमलं, आणि सरकण्याच्या दिशेने लांबट स्फटिकांचे तंतू वाढत गेले. तंतू असतील तर त्यांना पायऱ्या असतात, कौलारू छपरासारख्या एकावर एक चढलेल्या. त्यांवरून बोट फिरवलं तर एका दिशेने ते घसरत जातं आणि उलट दिशेने प्रत्येक पायरीला अडतं. बोट ज्या दिशेने घसरतं त्या दिशेने समोरचा, म्हणजे आता तिथे नसलेला, खडक सरकला. तंतूंच्या बाबतीत ही परीक्षा भरवशाची आहे. नुसत्या ओरखड्यांच्या किंवा भुग्याच्या पृष्ठभागावर मात्र ती फसवते. तिथल्या पायऱ्या उलट्या तोंडाच्याही असू शकतात. म्हणून आधी भिंगातून तंतू आहेत की ओरखडे हे पाहायचं, बोट त्यानंतर लावायचं.

आता तुकडा काढायचा. आणि इथेच सर्वांत जास्त नमुने वाया जातात. हातोडा उचलण्याच्या आधी दगडावर खूण करावी लागते. त्या पृष्ठभागावरच मार्करने आडवी रेघ मारायची, तिचं एक टोक कुठल्या दिशेला आहे ते अंशांत लिहायचं, तिला काटकोनात उताराची छोटी रेघ मारून उताराचा कोन लिहायचा, आणि वरची बाजू कुठली ते बाणाने दाखवायचं. फोटो खूण दिसेल असाच काढायचा. बेसॉल्टमध्ये आणखी एक अडचण आहे: या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, आणि होकायंत्र त्याला टेकवलं की सुई भरकटते. वीज पडून गेलेल्या माथ्यांवर तर ती कित्येक अंशांनी चुकते. यंत्र दगडापासून लांब धरून, पृष्ठभागाच्या दिशेशी नजर जुळवून वाचन घ्यावं, आणि दूरच्या एखाद्या ओळखीच्या सुळक्याची किंवा मनोऱ्याची दिशा घेऊन ते नकाशावर पडताळावं. हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं वाचवली तर पुढे प्रयोगशाळेत महिनाभर केलेलं काम 'कुठलातरी खडक कुठल्यातरी बाजूला सरकला' एवढंच सांगतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला दगडाचा पातळ काप घेतात. तो कुठल्या पातळीत घ्यायचा हेही ठरलेलं आहे. सरकलेल्या पृष्ठभागाला काटकोनात आणि रेघांना समांतर. मायलोनाइट असेल तर पट्ट्यांना काटकोनात आणि ताणाच्या रेघांना समांतर. याच एका पातळीत हालचालीची दिशा दाखवणारे आकार पूर्ण दिसतात. काप आडवा घेतला की तेच आकार गोल, सममित, मुके दिसू लागतात, आणि पाहणारा हकनाक म्हणतो की इथे फारसं काही घडलंच नाही.

भ्रंशातला भुगा तसाच करवतीखाली घातला तर पाण्याबरोबर गटारात जातो. त्यात स्मेक्टाइटसारखी चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि आतली सगळी मांडणी मोडते. म्हणून नमुना आधी मंद आचेवर पूर्ण वाळवायचा, निर्वात भांड्यात ठेवायचा आणि पातळ इपॉक्सी आत मुरू द्यायची. इपॉक्सीत निळा रंग घातलेला बरा, त्याचं कारण पुढे येईल. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतला दमटपणा इपॉक्सीच्या हार्डनरशी खेळतो. वर तेलकट, चिकट साय धरते आणि काचेची पट्टी त्यावर नीट बसत नाही. जून ते सप्टेंबर हे काम वातानुकूलित खोलीत करावं, नाहीतर साय पुसून पृष्ठभाग पुन्हा घासावा. कापताना पाण्याऐवजी तेल वापरायचं. मग एक बाजू कार्बोरंडमच्या पुडीवर घासायची, जाडीकडून बारीककडे: २२०, ४००, ६००, १०००. प्रत्येक पुडीनंतर नमुना आणि हात धुवायचे. २२० चा एक दाणा ६०० मध्ये आला तरी मधोमध चरा पडतो. घासलेली बाजू काचेवर चिकटवायची, वरचा जास्तीचा दगड कापून टाकायचा, आणि उरलेला ३० मायक्रॉनपर्यंत घासत आणायचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ३० मायक्रॉनला काळा बेसॉल्टही रंगीत काचेसारखा पारदर्शक होतो.

जाडी मोजायला पट्टी लागत नाही. दोन ध्रुवित गाळण्या एकमेकींना काटकोनात लावून पाहिलं की ३० मायक्रॉनचा क्वार्ट्झ करडा-पांढरा दिसतो; पिवळा दिसला तर काप अजून जाड आहे. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ सहसा नसतो, तिथे प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारच्या काड्यांवरून हेच ठरवायचं. एका कडेला पिवळा आणि दुसऱ्या कडेला करडा, म्हणजे हात एका बाजूला जास्त दाबला गेला, काप पाचरीसारखा झाला. आणि निळ्या इपॉक्सीचं काम इथे येतं: कापात दिसणारी भेग निळी भरलेली असेल तर ती इपॉक्सी मुरायच्या आधीपासून होती. भेग रिकामी असेल तर ती आपल्या करवतीने किंवा घासण्याने पाडलेली आहे, तिचा भ्रंशाशी संबंध नाही. भेगेत कॅल्साइट किंवा झिओलाइट असेल तर ती डोंगरातलीच, निसर्गानेच भरून ठेवलेली. नवशिक्यांनी मोजलेल्या भेगांपैकी कित्येक त्यांनी स्वतःच केलेल्या असतात.

दळलेला दगड भिंगाखाली पाहिला की नवी मुंबईच्या माणसाला क्रशर आठवावा. क्रशरमधून दगड बाहेर पडतो तेव्हा जाळ्या लावून खडी वेगळी, ग्रीट वेगळी, डस्ट वेगळी काढतात. भ्रंशाला जाळी नसते. मोठ्या तुकड्यांच्या मधल्या जागेत लहान तुकडे, त्यांच्या मधल्या जागेत आणखी लहान, आणि भिंग वाढवत नेलं तरी चित्र तेच. असं होण्यामागे कारण आहे. दोन सारख्या आकाराचे तुकडे शेजारी आले की एकमेकांना थेट दाबतात आणि त्यांतला एक फुटतो. भोवती लहान कण असतील तर ते गादीचं काम करतात, मोठा तुकडा वाचतो. त्यामुळे सारख्याला सारखा शेजारी उरत नाही तोवर फुटणं चालू राहतं. १९८७ साली सॅमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका भ्रंशाच्या भुग्यात कण मोजून हे दाखवलं. आकारांच्या या वाटपाची फ्रॅक्टल मिती, म्हणजे आकार लहान होईल तसे कण किती पटीने वाढतात याचा आकडा, सुमारे २.६ येते. कणांच्या कडा टोकदार, कुठल्याही दिशेला वळलेल्या. एका फुटलेल्या फेल्डस्पारचे दोन अर्धे शेजारीच पडलेले असतात, जुळवले तर जुळतील असे. भुग्यातून मुख्य पृष्ठभागाशी साधारण १५ अंशांत तिरप्या गेलेल्या बारीक फटी दिसतात, त्या रिडेल फटी. त्यांचा कल कुठे आहे त्यावरून हालचालीची दिशा पुन्हा एकदा पडताळता येते. दळलेल्या दगडाची नावं पुडीच्या प्रमाणावरून ठरतात: पूड निम्म्याहून कमी असेल तर प्रोटोकॅटॅक्लासाइट, ५० ते ९० टक्के असेल तर कॅटॅक्लासाइट, त्याहून जास्त तर अल्ट्राकॅटॅक्लासाइट.

याच पुडीच्या कडेला कॅल्साइट भेटतं, आणि कॅल्साइट फार बोलकं असतं. त्याला वाकवायला थोडकासा दाब पुरतो. १० मेगापास्कलच्या आसपास त्याच्या पोटात जुळ्या पट्ट्या, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखे उलट वळलेले थर, उमटतात. पट्ट्या केसासारख्या, एक मायक्रॉनहून बारीक आणि सरळ असतील तर तापमान बहुधा २०० अंशांखाली होतं. जाड, भरीव झाल्या असतील तर त्याच्या वर. प्लॅजिओक्लेजलाही जुळ्या पट्ट्या असतात, पण त्या लाव्हा गोठतानाच्या. त्या सरळ असतात आणि पायरीसारख्या संपतात. दाबाने झालेल्या पट्ट्या निमुळत्या होत जातात, आणि स्फटिक जिथे वाकलाय तिथे गर्दी करतात. दोन्ही एकाच काडीत असू शकतात. घाईत पाहणाऱ्याला त्या सगळ्या सारख्याच वाटतात.

उगवलेल्या दगडाकडे वळायचं तर इथला डोंगर सोडून क्वार्ट्झच्या प्रदेशात जावं लागतं.

स्फटिक न तुटता आकार बदलतो कसा, हे समजायला लोकलचा बाक बरा. तिघांच्या बाकावर चौथा येतो. "जरा सरकून घ्या," असं म्हटलं की तिघं एकदम उठून सरकत नाहीत. कडेचा थोडा हलतो, मग त्याच्या शेजारचा, मग खिडकीजवळचा. अडचण बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रवास करते, आणि शेवटी सगळी रांग हातभर सरकलेली असते. स्फटिकातल्या अणूंच्या रांगाही अशाच हलतात. न जुळणारी एक रेघ, तिला डिसलोकेशन म्हणतात, स्फटिकातून चालत जाते, आणि ती पार गेली की स्फटिकाचा एक भाग दुसऱ्यावरून एका अणूइतका सरकलेला असतो. हा विचार १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळा मांडला. एवढ्याने काय होणार असं वाटतं, पण अशा कोट्यवधी रेघा लाखो वर्षं चालल्या की वाटोळा क्वार्ट्झ फितीसारखा लांब होतो. त्यात थोडं पाणी शिरलेलं असेल तर काम फारच सोपं होतं. कोरडा क्वार्ट्झ कमालीचा हट्टी असतो आणि पाण्याच्या अंशाने तो मऊ पडतो, हे १९६५ मध्ये ग्रिग्ज आणि ब्लेसिक यांनी दाखवून दिलं.

सूक्ष्मदर्शकाखाली याची पहिली खूण मला नेहमीच सुंदर वाटते. ताण न पडलेला स्फटिक फिरत्या बैठकीवर ठेवून वळवला की एका क्षणी तो सगळा एकदम काळा होतो, दिवा विझल्यासारखा. ताण पडलेला स्फटिक असा विझत नाही. काळी सावली एका कडेला येते आणि बैठक वळेल तशी शेतावरून ढगाची सावली जावी तशी स्फटिकावरून सरकत जाते. आतल्या रांगा जागोजागी किंचित वेगवेगळ्या वळल्या आहेत, म्हणून प्रत्येक भाग आपल्या वेळेला विझतो. ताण वाढला की सावलीला कडा येतात. स्फटिकात उपकणांच्या खोल्या पडतात, शेजारच्या खोल्यांमध्ये एक-दोन अंशांचा फरक. हा फरक वाढत दहा अंशांच्या पुढे गेला की खोलीचं स्वतंत्र घर होतं, म्हणजे नवा कण.

नवे कण कसे झाले त्यावरून तापमान वाचता येतं. इटालियन आल्प्समधल्या टोनाले भ्रंशावर स्टिप आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जी विभागणी मांडली ती आजही बहुतेक जण वापरतात. साधारण २८० ते ४०० अंशांपर्यंत जुन्या कणाची कड शेजाऱ्यात फुगवटा काढते आणि त्या फुगवट्यातून छोटा कण सुटा होतो. मोठ्या कणांभोवती बारीक कणांची माळ दिसते. ४०० ते ५०० च्या दरम्यान उपकण वळत-वळत स्वतंत्र होतात. सगळा स्फटिकच सारख्या आकाराच्या कणांत बदलतो. ५०० च्या पुढे कडा मोकाट हिंडतात, मोठे कण लहानांना गिळतात, आणि सीमा जिगसॉच्या तुकड्यांसारख्या वाकड्यातिकड्या होतात. हे आकडे जसेच्या तसे दुसऱ्या भ्रंशावर लावू नयेत. विकृतीचा, म्हणजे आकार बदलण्याचा, वेग वाढला किंवा पाणी कमी झालं की सीमारेषा वर सरकतात.

कणाचा आकार दाबही सांगतो. दाब जितका जास्त, नवे कण तितके लहान. स्टिप आणि टुलिस यांच्या २००३ च्या सूत्राने क्वार्ट्झचे नवे कण सरासरी ४० मायक्रॉनचे असतील तर दोन दिशांमधल्या दाबांचा फरक सुमारे ३५ मेगापास्कल निघतो, १० मायक्रॉनचे असतील तर १०० च्या थोडा वर. १०० मेगापास्कल म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक टन. पण मोजताना तीन ठिकाणी पाय घसरतो. अभ्रकाच्या पत्र्या शेजारी असतील तर त्या कणांच्या कडा अडवून धरतात आणि कण उगाच लहान राहतात, तेव्हा मोजायचं ते शुद्ध क्वार्ट्झच्या पट्ट्यात. हालचाल थांबल्यावर दगड तसाच गरम राहिला तर कण निवांत वाढतात, कडा सरळ होतात, तीन कण एकत्र येतात तिथे १२० अंशांचे कोन पडतात. असा दगड कमी दाब सांगतो आणि ते खोटं असतं. आणि जुने ताणलेले कण नव्यांच्या मोजणीत मिसळले तर सरासरीच बिघडते. हे वेगळे काढायला आता ईबीएसडी वापरतात. नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ७० अंश तिरपा ठेवतात आणि प्रत्येक बिंदूला स्फटिकाची दिशा नोंदवतात. त्यासाठी हिऱ्याच्या पुडीनंतर कोलॉइडल सिलिकाने तासन् तास पॉलिश करावं लागतं. ते नीट झालं नाही तर घासण्याने खराब झालेली वरची साय तशीच राहते, आणि यंत्र नकाशाऐवजी नुसते ठिपके देतं.

दळलेलं आणि उगवलेलं यांच्या शेजारी तिसरी एक गोष्ट असते: वितळलेलं. भूकंपात भ्रंश सेकंदाला मीटरभर वेगाने सरकतो, आणि मिलिमीटरभर जाडीच्या पट्ट्यात घर्षणाची इतकी उष्णता साठते की दगड काही सेकंदांत वितळून लगेच थिजतो. असा काळा, काचेसारखा दगड दक्षिण आफ्रिकेतल्या पॅरिस गावाजवळ पाहून शँड यांनी १९१६ साली त्याला सूडोटॅकिलाइट म्हटलं, खोटा टॅकिलाइट. खरा टॅकिलाइट म्हणजे बेसॉल्टची काच, आणि डाइक थंड खडकाला भिडून चटकन गोठतो तिथे त्याच्या कडेला अशी काळी साय धरते. म्हणजे आपल्या डोंगरांत खऱ्याचीच शक्यता जास्त, आणि काळी काचेरी फीत दिसली की लगेच भूकंपाचं नाव घेण्यात अर्थ नाही. फीत सरकलेल्या पृष्ठभागाला धरून आहे का, तिच्यापासून आडव्या शिरा बाजूच्या खडकात घुसल्या आहेत का, आत बाजूच्याच खडकाचे झिजून गोल झालेले क्वार्ट्झ-फेल्डस्पारचे तुकडे आहेत आणि अभ्रक मात्र नाहीसं झालं आहे का, हे पाहावं लागतं. अभ्रक आधी वितळतं. मध्य भारतातल्या गाविलगड-टान पट्ट्यात, ज्याला चिखलदऱ्याजवळच्या किल्ल्याचं नाव आहे, मायलोनाइट आणि सूडोटॅकिलाइट दोन्ही सापडतात. आधी खोलवर सावकाश वाहिलेला पट्टा पुढे थंड झाल्यावर झटक्याने तुटला. एकदा कमजोर झालेली जागा पुन्हा पुन्हा कामाला येते.

कोयनेचा भूकंपही इथेच आठवतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ तीव्रतेचा धक्का मुंबई-ठाण्यापर्यंत जाणवला होता. तो झाला बेसॉल्टच्या खाली, ग्रॅनाइट-नाइस या जुन्या खडकांच्या पायात. म्हणून तिथे दीड किलोमीटरपर्यंत भोकं घेऊन गाभा, म्हणजे नळीतून निघालेला दगडाचा दंडगोल, काढला, आणि पुढे गोठणे गावाजवळ ३ किलोमीटरचं भोक २०१७ मध्ये पूर्ण झालं. त्यात सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट-नाइस लागला. गाभ्यातला भ्रंशाचा दगड वाचताना अडचणी वेगळ्या. वरचा भार सुटला की गाभा आपोआप बशांसारख्या चकत्यांत तुटतो, त्या भेगा भ्रंशाच्या नव्हेत. मऊ भुगा ड्रिलिंगच्या चिखलात धुऊन जातो, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तोच भाग हाती लागत नाही. आणि नळीत गाभा गोल फिरतो, उत्तर कुठली ते हरवतं. पण भोकाची भिंत जागेवर असते. तिचं चित्र घेऊन, त्यावरची एखादी शीर गाभ्यातल्या शिरेशी जुळवून, गाभा पुन्हा मूळ दिशेला फिरवून ठेवता येतो.

बेलापूरच्या त्या दगडाचा काप कोणी घेतलेला नाही. पण नखाने आणि दहापट भिंगाने जेवढं कळतं तेवढं सांगता येतं. वरचा हिरवट-पांढरा थर तंतूंचा आहे, एकमेकांवर चढलेल्या पायऱ्यांचा. तो उगवलेला, पण गरम क्वार्ट्झसारखा नव्हे. थंड फटीत पाण्यातून जमलेला. त्याखालची करडी पूड, जी गवंड्याच्या नखात आली, ती दळलेली: टोकदार, लहानमोठी, बिनजाळीची. पीठ हा त्याचा शब्द त्या थरापुरता बरोबर होता.

दगड वाया गेला नाही. भिंतीच्या खालून तिसऱ्या थरात तो बसवला आहे, गुळगुळीत बाजू बाहेर, कारण बाकीच्या अंगांना माल धरतो. पावसात ती बाजू सगळ्यांत आधी चमकते आणि पाणी रेघांमधून तिरपं उतरतं. बोट फिरवलं तर डावीकडे जाताना घसरतं, उजवीकडे येताना पायरीपायरीला अडतं. समोरचा खडक डावीकडे गेला होता. डंपर कुठल्या खाणीतून आला हे गवंड्याला विचारलं, तर तो म्हणाला, "दोन-तीन ठिकाणचा माल हाय, ढीग एकच." बाण काढायला आता जागा आहे, पण तो कुठे दाखवायचा हे त्या दगडालाच माहीत होतं, सुरुंग लागायच्या आधी.